सुगंधी गवत लावावं कसं आणि आवरावं कसं: डोंगराला खेटून राहणाऱ्या ठाणेकरांसाठी

जूनचा दुसरा आठवडा. दोन चांगले पाऊस होऊन गेले होते आणि आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधल्या पेव्हर ब्लॉकच्या फटींतून बारीक हिरवी पाती वर आली होती. माळीकाका म्हणाले, ‘‘हरळी आहे ताई, उद्या खुरपतो.’’ मी सहज एक पात बोटांत चुरगाळली. लिंबाचा वास आला. हरळीला कुठला आलाय लिंबाचा वास!

झालं होतं असं. आदल्या पावसाळ्यात एका नर्सरीतून ‘लेमनग्रास’ म्हणून दोन भले मोठे ठोंब आणून आम्ही मागच्या भिंतीलगत लावले होते. दिवाळीच्या सुमाराला त्यांना माणसाच्या डोक्यावर जाणारे तुरे आले. दिसायला इतके देखणे की कंदिलाच्या उजेडात लोकांनी त्यांच्यापुढे फोटो काढले, आणि बागेचं काम बघणारी मी ते कापायचं सोडून कौतुक करत बसले. जानेवारीत तुरे वाळले, झडले. जूनमध्ये मोजदाद केली: पार्किंगमध्ये साठेक रोपं, गटाराच्या जाळीपाशी दहा-बारा, आणि संरक्षक भिंतीपलीकडे, जिथून येऊरचा डोंगर चढायला लागतो तिथे, नजरेला पडली तेवढी सात.

पार्किंगमधली अर्ध्या तासात उपटून झाली. हा लेख त्या सातांपायी लिहितेय. ठाण्यात पोखरण रोडपासून घोडबंदरपर्यंत आणि नवी मुंबईत खारघर-बेलापूरकडे डोंगराच्या पायथ्याशी शेकडो सोसायट्या उभ्या आहेत. तिथे ‘डास पळवणारं’, ‘औषधी’, ‘कमी देखभालीचं’ म्हणून सुगंधी गवतं हौसेने लावली जातात. लावू नका असं मी म्हणणार नाही. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत गवती चहा आजही आहे. पण कुठलं लावायचं, कुठे, आणि कधी कापायचं हे आधी कळलं असतं तर भिंतीपलीकडची ती सात रोपं टळली असती.

आधी हवाई बेटांवर अशाच निसटलेल्या गवताने काय केलं ते

आफ्रिकेत एक गवत आहे, मेलिनिस मिन्यूटिफ्लोरा. त्याला काकवीसारखा वास येतो, म्हणून इंग्रजीत ते मोलॅसेस ग्रास. आपण इथे काकवी-गवत म्हणू. पानांवर चिकट लव असते. हात फिरवला की गुऱ्हाळातून आल्यासारखी बोटं चिकटतात. गुरं ते खातात, गोचिडांना मात्र त्याचं वावडं. केनियात मक्याच्या ओळींमध्ये ते लावलं तर खोडकिडा कमी होतो, हे १९९०च्या दशकातल्या प्रयोगांत दिसलं. म्हणजे त्याच्या स्वतःच्या मुलखात, आफ्रिकेत, हे चांगलं गुणी गवत. चारा म्हणून ते जगभर नेलं गेलं. त्यात हवाई बेटंही आली.

हवाई बेटं प्रशांत महासागरात एकटी पडलेली. सर्वांत जवळचा खंड साधारण ३,८०० किलोमीटरवर. तिथल्या मूळ वनस्पतींपैकी दहांतल्या जवळपास नऊ जगात दुसरीकडे कुठेच उगवत नाहीत. या झाडांना आगीची सवय नव्हती. लाव्हा वाहिला तिथे जळालं, तेवढंच. ज्वालामुखी राष्ट्रीय उद्यानातल्या कोरड्या उतारांवर ओहिआ या तिथल्या मूळ झाडांची विरळ राई, खाली झुडपं आणि मधेमधे मोकळी जमीन असं चित्र होतं. कुठे ठिणगी पडलीच तरी आग त्या मोकळ्या जागेपाशी येऊन विझायची.

बाहेरून आलेल्या गवतांनी नेमकी ती मोकळी जागा भरली. १९७०च्या दशकात उद्यानातून रानबकऱ्या हटवल्या गेल्या. काम चांगलंच होतं, पण गवत खाणारी तोंडं कमी झाली. काकवी-गवताची तर गादीच्या गादी होते, नवी पात जुन्या वाळक्या पातीवर चढत जाते. आता ठिणगी पडली की आगीला झाडापासून झाडापर्यंत सलग वाट मिळते. आग येते, ओहिआ मरतात, आणि राखेतून सर्वांत आधी वर येतं ते हेच गवत. मग पुढची आग आणखी सोपी. कार्ला डी’अँटोनियो आणि पीटर विटूसेक या शास्त्रज्ञांनी १९९२ मध्ये याची नीट मांडणी केली: गवत आग आणतं, आग गवत वाढवते. साधा हिशेब आहे, पण एकदा हे चक्र फिरायला लागलं की थांबवायला माणसांच्या पिढ्या खर्ची पडतात.

८ ऑगस्ट २०२३ रोजी माउई बेटावरचं लाहाइना शहर जळालं, शंभरावर माणसं गेली. तिथला साखर कारखाना १९९९ मध्ये बंद पडला होता आणि उसाच्या पडीक जमिनींवर गिनी गवतासारखी परकी गवतं माजली होती. त्या दिवशी वाराही भयंकर होता, हे खरं. पण वाऱ्याला पेटवायला काहीतरी लागतंच. तिथलं गिनी गवत म्हणजे आपल्याकडे गोठ्यांसाठी लावतात तेच.

एक गंमत सांगते. देशी-विदेशी हे शिक्के किती जागेवर अवलंबून असतात ते बघा. आपली साळुंकी हवाईत १८६५ साली अळ्या खायला म्हणून नेली. मूळचा आपल्याकडचा मुंगूस जमैकामार्गे १८८३ साली तिथे उंदीर मारायला गेला आणि पक्ष्यांची अंडी खात सुटला. आपण ज्याच्या बिया मधुमेहावर वाटून घेतो ते जांभूळ तिथे नकोसं झाड मानलं जातं. उलट आपल्या डोंगरांवर घाणेरी आणि रानमोडी अमेरिकेतून येऊन बसल्या आहेत.

आणि बेटाचं म्हणाल तर आपणही बेटावरच राहतो, फक्त विसरलोय. खाडीच्या अलीकडचं ठाणं हे साष्टी बेटाचंच टोक. कळवा पूल ओलांडला की मुख्य भूमी. खाडी अरुंद आहे, हवाईसारखा एकटेपणा इथे नाही. पण मुंबई-ठाण्याच्या मधोमध सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान आहे, चहूबाजूंनी इमारतींनी वेढलेलं. जंगलाच्या दृष्टीने तेही बेटच. त्याच्या किनाऱ्यावर आपल्या कुंड्या आहेत.

पायरी १: चुरगाळा, हुंगा, बुंधा बघा

नर्सरीवाल्याच्या पाटीवर विसंबू नका. ‘लेमनग्रास’ या एका नावाखाली तीन वेगवेगळी गवतं विकली जाताना मी पाहिली आहेत.

आपला घरचा गवती चहा म्हणजे सिम्बोपोगॉन सिट्रॅटस. पान निळसर हिरवं, बोटभर रुंद, कडेला धार. बुंधा फिकट पांढरट-हिरवा आणि तळाशी कांद्याच्या पातीसारखा किंचित फुगीर. वास स्वच्छ लिंबाचा, कारण तेलात बहुतांश सिट्राल असतं. याला तुरा क्वचितच येतो. आजीच्या परसात वीस वर्षं असून फूल पाहिलेलं नाही, असं सांगणारे पुष्कळ भेटतील आणि ते खरं बोलत असतात.

दुसरं, दक्षिणेतलं तेलाचं लेमनग्रास, सिम्बोपोगॉन फ्लेक्झुओसस. ज्याला व्यापारात कोचीन तेल म्हणत ते याचं. उंच वाढतं, दांडा बहुधा लालसर असतो आणि पावसाळा संपला की तुरे येतात. वासाने फसवतं, कारण तोही लिंबाचाच. माझ्या पदरात पडलं ते हे. भारतीयच आहे, पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातलं. पण केरळचं म्हणून येऊरचं होत नाही.

तिसरं सिट्रोनेला. बुंध्याशी लाल-जांभळी झाक, वास डासांच्या मलमासारखा उग्र. चहात टाकू नका. आमच्या शेजारच्या काकूंनी एकदा टाकला होता. पाहुण्यांनी दोन घोट घेतले आणि ‘वेगळाच आहे हो’ म्हणून कप खाली ठेवले.

याखेरीज रोशा गवत, गुलाबी वासाचं, खानदेश-सातपुड्याकडचं. आणि वाळा. वाळ्याच्या पानाला वास नसतोच, सगळा सुगंध मुळांत. वाळ्याविषयी खाली वेगळं लिहिलंय, कारण ते प्रकरण मला फार आवडतं.

नर्सरीत आणखी एक गवत हमखास याच रांगेत ठेवलेलं असतं: फाउंटन ग्रास, मऊ शेपटीसारख्या तुऱ्यांचं. वास नाही, पण हवाईत हे नोंदलेलं उपद्रवी तण आहे. जांभळ्या पानांचा जो प्रकार मिळतो त्यात बी जवळजवळ धरत नाही. हिरव्या पानांचा भरपूर धरतो. हिरवा घेऊ नका, एवढंच.

पायरी २: एक प्रश्न विचारा, एक चाचणी करा

प्रश्न असा: ‘‘हे बियांपासून केलंय की ठोंब फोडून?’’ ठोंब फोडून केलं असेल तर बहुतेक निर्धास्त राहा. ‘बी टाकून’ असं उत्तर आलं तर ज्याचं बी नर्सरीत उगवतं त्याचं तुमच्या भिंतीपलीकडेही उगवणार, हे ओघानेच आलं.

हे समजून घ्यायला गवतांचे दोन स्वभाव लक्षात ठेवा. हरळी, लव्हाळा ही धावती गवतं. जमिनीवरून किंवा जमिनीखालून पसरतात. सुगंधी गवतं बहुतेक ठोंबाची असतात. ठोंब जागेवर रुंद होतो, चालत कुठे जात नाही. त्यामुळे जमिनीत पत्रे गाडून मुळं अडवण्याचा खटाटोप इथे वाया जातो. ठोंबाच्या गवताला बाहेर पडायचा रस्ता एकच, तुरा.

घरात आधीच लावलेलं गवत असेल आणि त्याला तुरा येत असेल तर चाचणी करा. पिकलेल्या तुऱ्यातले पन्नास दाणे काढा. ओला टिश्यू पेपर डब्यात पसरा, त्यावर दाणे ठेवा, झाकण अर्धवट लावा आणि उबदार जागी, फ्रिजच्या मागे वगैरे ठेवून द्या. कागद सुकू देऊ नका. तीन आठवड्यांत एखाददुसरा अंकुर आला तरी ते गवत ‘बी धरणारं’ समजायचं. एकही आला नाही तर लगेच खूश होऊ नका. काही गवतांचं ताजं बी महिनोन्महिने झोपून राहतं. मार्च-एप्रिलमध्ये पुन्हा करून बघा. माझ्या पन्नासांपैकी जानेवारीत तीन उगवले, मार्चमध्ये एकोणीस.

पायरी ३: जागा

बी धरणारं कुठलंही गवत डोंगराकडच्या भिंतीलगत, पावसाच्या पाण्याच्या चरीजवळ आणि वाऱ्याच्या तोंडावर लावायचं नाही. गवताचं बी हलकं, लवदार; वाऱ्याने जातं, पाण्याने जातं, पँटच्या पायाला चिकटून जातं. आमचं तिन्हींनी गेलं असावं. गटारातलं पाणी पुढे नाल्याला, नाला खाडीला. वाटेत जिथे गाळ साचेल तिथे बी बसतं.

गवती चहाला पाच-सहा तास ऊन हवं. बारा इंची कुंडी चार माणसांच्या घराला पुरते. जमिनीत लावणार असाल तर जनरेटर, ट्रान्सफॉर्मर, मीटर-बॉक्स आणि गॅसच्या नळ्या यांपासून दूर. एप्रिलमध्ये ठोंबाच्या पोटात वाळकी पाती खच्चून भरलेली असते आणि ती तेलकट असते.

पायरी ४: लावणी

वेळ जून-जुलै. जुना ठोंब पहारीने सगळा उपटून काढा. मुळांची माती झटका, मग दोन्ही हातांनी बुंधे धरून फाडा. कात्री-विळ्याने कापत बसू नका, हाताने बरोबर जिथे सुटायचं तिथे सुटतो. प्रत्येक फुटव्याला निदान चार-पाच मुळं हवीत. वरची पात वीतभर ठेवून छाटून टाका, नाहीतर मुळं बसण्याआधीच पानं पाणी ओढून फुटवा सुकवतात. मुठीची चार बोटं जातील एवढ्या खोलीवर लावा, माती घट्ट दाबा. पाणी साचता कामा नये. ठाण्याच्या पावसात गवती चहा मरतो तो बहुधा कुंडीचं भोक बुजल्यामुळे, पाण्याच्या कमतरतेमुळे नव्हे.

हातमोजे घाला. पानाच्या कडेची धार कागदासारखी कापते आणि ते कळतं तेव्हा, जेव्हा आपण लिंबू पिळायला जातो.

वाळ्याविषयी थोडं जास्त

डोंगरउतारावरच्या सोसायट्यांना मी नेहमी वाळाच सुचवते. मुळं आडवी न पसरता सरळ खाली जातात, तीन मीटर आणि त्याहून खोल. ओळीने लावला की जिवंत बांध तयार होतो. १९५०च्या दशकात फिजी बेटांवर उसाच्या शेतातली माती वाहून जाऊ नये म्हणून जॉन ग्रीनफील्ड यांनी वाळ्याच्या ओळी लावल्या. पुढे १९८०च्या दशकात तेच काम जागतिक बँकेमार्फत भारतात आलं. मूळ गवत आपलं, ते बेटावर गेलं, तिथे त्याने रान माजवलं नाही, आणि त्याची नवी विद्या शिकून आपल्याकडे परत आलं. वाळ्याला माहेरवाशिणीचा मान द्यायला हरकत नाही.

तो माजला नाही याचं कारण बी. दक्षिण भारतातला लागवडीचा वाळा जवळजवळ वांझ असतो, बी धरत नाही. उत्तर भारतातला रानटी प्रकार मात्र धरतो. म्हणून विकत घेताना दक्षिणेकडचा, ठोंबापासून केलेला मागा, आणि पायरी २ मधली चाचणी पहिल्या वर्षी करूनच घ्या.

लावताना उताराला आडवी, एका पातळीवर ओळ आखा. पातळी बघायला पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी करतात तसंच करायचं. दोन फुटव्यांत वीतभरापेक्षा कमी, दहा ते पंधरा सेंटिमीटर अंतर. मधे एक जरी खिंडार राहिलं तरी पाणी तिथूनच घुसतं आणि घळ पाडतं. मेलेला फुटवा पहिल्याच पावसाळ्यात बदला. पहिली दोन वर्षं मुळं काढायचा मोह आवरा. माठात टाकायला चार मुळं हवीत म्हणून अख्खी ओळ उकरणारे महाभाग आमच्याकडे आहेत.

पायरी ५: कापायचं वेळापत्रक

गवती चहा वर्षभर लागेल तसा कापा, बुंध्यापासून वीतभर वर, बाहेरची पात आधी. तीन-चार वर्षांनी ठोंब मधून पोकळ होतो. तेव्हा फोडून नव्याने लावा.

बी धरणाऱ्यांसाठी मात्र तारखा पाळाव्या लागतात. गणपती उठले की पहिली पाहणी. ठोंबाच्या मधोमध एखादी दांडी इतरांपेक्षा जाड आणि गोल लागली, पान चपटं न येता गुंडाळीसारखं वर आलं, की आत तुरा आहे. बोटांनी चाचपून कळतं; डोळ्यांना दिसायच्या पंधरा दिवस आधी कळतं. तेव्हाच दांडी बुडापासून कापा. दसऱ्याला दुसरी फेरी, दिवाळीत तिसरी. एकदा कापलं म्हणून सुटका नाही, बाजूचे फुटवे उशिराने तुरा काढतात. डिसेंबर संपेपर्यंत दर पंधरा दिवसांनी फेरी मारा. आमच्याकडे ही फेरी वॉचमनच्या रजिस्टरमध्ये तारखेसकट लिहिली जाते. समितीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलेली आठवण सुप्रभातच्या फुलांखाली गाडली जाते, हे अनुभवाने शिकलो.

फेब्रुवारीत सगळे ठोंब वीतभर ठेवून साफ छाटा आणि पोटातली वाळकी पात हाताने ओढून काढा. कंटाळवाणं काम आहे, खाज सुटते, पण टाळू नका.

पायरी ६: कापलेलं कुठे टाकायचं

हिरवी पात, तुरा नसलेली: कंपोस्टमध्ये किंवा झाडांच्या आळ्यात आच्छादन म्हणून. यात काही धोका नाही.

तुरा असलेली दांडी कंपोस्टमध्ये कधीही नाही. सोसायटीचा कंपोस्टचा पिंप बी मरण्याइतका सगळीकडून तापत नाही, आणि ते खत पुढे तुम्ही स्वतःच बागभर पसरता. तुरे कापताना आधी त्यावर पिशवी चढवा, पिशवीतच वाकवा, मग खाली कापा. पिशवीचं तोंड बांधून गच्चीवर उन्हात टाका. काळी जाड पिशवी, आत शिंपडाभर पाणी. ऑक्टोबरच्या उन्हात सहा आठवडे, एप्रिल-मेमध्ये चार. नंतर सुक्या कचऱ्यात.

आणि भिंतीवरून पलीकडे भिरकावणं बंद. ‘जंगलच तर आहे, कुजेल’ हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय! बागेतला कचरा डोंगरावर टाकणं हाच परक्या झाडांचा सर्वांत सोपा प्रवास. मनी प्लांटसुद्धा असाच जातो.

पायरी ७: निसटलंच तर

रोप लहान असेल, वीतभराच्या आत, तर पावसाची सर येऊन गेल्यावर दोन बोटांनी बुंध्याशी धरून किंचित फिरवत ओढा. माती ओली असेल तर मुळासकट येतं. कोरड्यात ओढलं तर पात हातात येते आणि बुंधा खाली राहतो. तो पुन्हा फुटतो.

मोठा ठोंब असेल तर आधी पात गुडघ्याखाली छाटा, म्हणजे काम करताना चेहऱ्यावर येत नाही. बुंध्यापासून वीतभर लांब चारी बाजूंनी पहार मारून माती सैल करा, कुदळीने खालून उचला. या गवतांचा जीव बुंध्याच्या गड्ड्यात असतो, खोल मुळांत नाही. गड्डा संपूर्ण आला की तुटलेली मुळं खाली राहिली तरी चालतात. काढलेला ठोंब उलटा करून, मुळं वर, फरशीवर किंवा पत्र्यावर वाळवत ठेवा. मातीवर ठेवलात तर पावसात तिथेच पुन्हा रुजतो. आमचा रुजला. माळीकाका हसले, मी नाही.

तणनाशक मारायची सूचना दर बैठकीत कोणीतरी करतं. उतारावर, पावसाळ्यात, ज्या जागेचं पाणी नाल्यातून तळ्यात-खाडीत जातं तिथे ते नको. साठ रोपांना चार माणसं आणि रविवारचा अर्धा तास पुरतो.

खड्डा उघडा ठेवू नका. उघड्या मातीवर सर्वांत आधी घाणेरी नाहीतर रानमोडी येते आणि मग आगीतून फुफाट्यात. तिथे काहीतरी आपलं लावा. आम्ही कुड्याची आणि धायटीची रोपं लावली. त्या जागेवर दोन पावसाळे नजर ठेवा: जूनअखेर, जुलैअखेर आणि गणपतीनंतर.

पायरी ८: भिंतीपलीकडची रोपं

इथे घाई करायची नाही. भिंतीपलीकडची जमीन राष्ट्रीय उद्यानाची असेल तर परवानगीशिवाय आत जाणं आणि तिथली कुठलीही वनस्पती उपटणं वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे. तुम्ही भल्यासाठी उपटताय हे कायद्याला माहीत नसतं. शिवाय ओळख चुकली तर कुसळी, रोशासारखी डोंगराची स्वतःची गवतं हकनाक जातात. ती तिथे असायलाच हवीत. भेकरापासून मुनियापर्यंत अनेकांचं पोट आणि घर त्यांत आहे.

आम्ही असं केलं: भिंतीवरून सातही रोपांचे फोटो काढले, प्रत्येकाच्या समोर भिंतीवर खडूने आकडा घातला, आणि सोसायटीच्या लेटरहेडवर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना अर्ज दिला. सोबत पार्किंगमधून उपटलेलं एक रोप वर्तमानपत्रात गुंडाळून नेलं. ते टेबलावर ठेवल्याबरोबर खोलीभर लिंबाचा वास पसरला आणि समजावून सांगायचं काम अर्धं झालं. दोन आठवड्यांनी वनरक्षक आले, त्यांच्यासोबत आत जाऊन सात नव्हे, अकरा रोपं काढली. चार आम्हाला भिंतीवरून दिसलीच नव्हती.

त्याच भेटीत वनरक्षकांनी आमच्या भिंतीच्या आतल्या बाजूला बोट दाखवलं: वाळक्या पाल्याचा ढीग, जुनं प्लायवुड, तुटकी खुर्ची. ‘‘आम्ही वर आग अडवायला जाळरेषा काढतो, आणि तुम्ही खाली सरपण रचता.’’ फेब्रुवारी ते मे डोंगरावर वणवे लागतात. तेव्हापासून होळीच्या आधी भिंतीलगत आत तीन मीटर पट्टा आम्ही झाडून मोकळा ठेवतो. धूर दिसला तर अग्निशमन दल १०१ आणि वन विभागाची हेल्पलाइन १९२६, हे दोन आकडे वॉचमनच्या केबिनमध्ये मोठ्या अक्षरांत लावले आहेत. स्वतः फांद्या घेऊन विझवायला वर चढू नका.

या जूनची मोजदाद: पार्किंगमध्ये चार, भिंतीपलीकडे दिसलं तरी एकही नाही. गटाराच्या जाळीखाली मात्र एक ठोंब सापडला, मनगटाएवढा जाड, म्हणजे गेल्या वर्षी नजरेतून सुटलेला. जाळी गंजून बसलीय, उघडत नाही. रविवारी वेल्डिंगवाला येणार आहे, माळीकाकांनी पहार बाहेर काढून ठेवलीय.